विमानाला जागा

घरात विमान बांधायला काढलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो, की हे बाहेर कसं काढणार? उडेल का, हे विचारायचं त्याला नंतर कधीतरी, चहा संपता संपता सुचतं. मला यात माणसांचा मोठा समंजसपणा दिसतो. उडणं ही फार लांबची गोष्ट झाली. त्यातलं आपल्याला काय कळतं? पण दार, जिना, लिफ्ट, गॅलरीचा कठडा या विषयांत प्रत्येक संसारी माणूस अधिकारी असतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावरून वर चढवलं आहे, भिंतीचा पोपडा काढून आणि चार माणसांचं परस्परविरोधी मार्गदर्शन ऐकून, त्याला विमानाच्या धडाकडे पाहून मत देण्याचा पूर्ण हक्क आहे.

आमच्या घरात विमान नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र विमानाला घरात जागा आहे की नाही, याची मोजणी रीतसर झालेली आहे. चेन्नईत शोळिंगनल्लूरला ओएमआरच्या, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या, कडेने उंच इमारतींची जी रांग लागली आहे, तिच्यातल्या एका इमारतीत आम्ही राहतो. एकीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचा, दुसरीकडे बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे समुद्र. आणि मागच्या अंगाला, जिथे अजून कुणाला इमारत उभी करायला जमलेलं नाही तिथे, पाणथळ. हिवाळ्यात तिथे पेलिकन येतात. पेलिकन पाण्यावरून उठताना जरूर पाहावा. मंत्रालयातली जाडजूड फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे निघावी तसा तो आधी कुरकुरतो, पाय आपटतो, पाणी तुडवत लांबवर पळतो. आता काही हा उठत नाही असं वाटायला लागतं, आणि तेवढ्यात त्याचं सगळं वजन कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखा तो वर जातो. नवरा गॅलरीत उभा राहून तासन्‌तास हे बघायचा. मला वाटायचं, चला, माणूस निसर्गात रमतोय. तो पेलिकनला उठायला किती मीटर पाणी लागतं याचा अंदाज घेत होता.

ओएमआरवरचे पुरुष पंचेचाळिशीच्या आसपास कशाच्या ना कशाच्या नादी लागतात. कुणी पहाटे समुद्राकडच्या ईसीआर रस्त्यावर महागडी सायकल दामटतो, कुणी मॅरेथॉन पळतो, कुणी मार्गळी महिन्यात कचेऱ्यांच्या, म्हणजे गाण्याच्या मैफलींच्या, पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरायला लागतो. आमच्याकडे विमान आलं. त्याचं मूळ सांगलीत आहे. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ आहे. म्हणजे धावपट्टी आहे, विमानं नाहीत. अशा मोकळ्या सपाट जागेचं गावं काय करतात? पोरांना सायकल शिकवतात. नवरा सायकल तिथेच शिकला. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा तोल सापडला तो धावपट्टीवर, त्याला पुढे केव्हातरी वाटणारच की त्या रस्त्याच्या टोकाला काहीतरी व्हायचं होतं, ते राहून गेलं.

किटचं विमान म्हणजे काय, हे तो मला सांगायला लागला तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि सांगून संपलं तेव्हा ती शिजली होती. आपण पैसे भरायचे, कंपनी खोकी पाठवते. खोक्यांत कापलेले, वाकवलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि हजारोंनी रिव्हेट. ते आपण नकाशे वाचत घरी जोडायचे. अमेरिकेत याचा मोठा पंथच आहे. पॉल पोबेरेझनी नावाच्या गृहस्थाने १९५३ साली मिलवॉकीत अशा घरगुती विमानवाल्यांची संघटना काढली. तिची जत्रा उन्हाळ्यात ऑशकॉशला भरते. माणसं स्वतः बांधलेल्या विमानातून तिथे उतरतात आणि त्याच्याच पंखाशेजारी तंबू ठोकून आठवडाभर राहतात. तिथला कायदा मला फार आवडला. विमान घरी बांधलेलं म्हणून मंजूर व्हायचं असेल, तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केलेलं असावं लागतं, तेही शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी. जगातली झाडून सगळी सरकारी खाती आपल्याला बजावतात की तज्ज्ञाकडूनच करून घ्या. हे एक खातं असं, की तज्ज्ञाने फार हात लावला तर नाराज होतं.

सगळं किट एकदम घेणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी मिळतं, आणि प्रथा अशी की आधी शेपटी घ्यायची. ती लहान असते, त्यातल्या त्यात स्वस्त असते, तिच्यावर हात बसतो. पुष्कळांचा हात तिच्यापाशीच थांबतो. बायकोची बदली होते, मुलांच्या फिया वाढतात, गुडघे बोलायला लागतात, आणि शेपटी गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहते. आपल्याकडे हत्ती जातो आणि शेपूट राहतं म्हणतात. इथे शेपूट येऊन बसलेलं असतं आणि सगळं घर हत्तीची वाट बघत असतं.

मग रिव्हेटची गोष्ट निघाली. भरीव रिव्हेट ठोकायला शक्यतो दोन माणसं लागतात. एक जण बाहेरून रिव्हेट गन चालवतो आणि दुसरा पत्र्याच्या आतल्या बाजूने पोलादी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक त्याच्यावर चेपून बसतं. शेपटीकडे निमुळत्या होत गेलेल्या धडात आडवं होऊन हा ठोकळा धरायचा, तर घरातलं सगळ्यांत बारीक माणूस शोधावं लागतं. जगभरच्या गॅरेजांत कितीतरी बायका आणि मुलं अशी विमानाच्या पोटात बसून ठोकळे धरत आली आहेत.

"म्हणजे मी," मी म्हटलं.

"नाही नाही," तो घाईघाईने म्हणाला, "आता पुल रिव्हेट निघालेत. बाहेरूनच ओढून बसवायचे. एकट्याला जमतं."

मला उगाचच थोडं वाईट वाटलं.

मोजणी एका रविवारी झाली. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. मुख्य दार साडेतीन फुटांचं भरलं. लिफ्टचं दार ८० सेंटिमीटर. चार जणांच्या विमानाचं धड बसायच्या जागी सव्वा मीटरच्या आसपास रुंद होतं, त्यामुळे लिफ्टचा विषय लिफ्टपाशीच मिटला. पंखांचं जरा बरं होतं. पंख सुटे निघतात, आणि एकेक पंख चार मीटरच्या थोडा पुढे जातो. हॉलमध्ये तिरका ठेवला तर मावत होता. सोफा काढायचा, टीव्ही भिंतीवर चढवायचा आणि देवघर फूटभर सरकवायचं.

"देवघर हलणार नाही," सासूबाई आतून म्हणाल्या. त्या इतका वेळ झोपल्या आहेत अशी आमची समजूत होती.

"आई, फक्त दोन वर्षं," नवरा म्हणाला.

"माझ्या लग्नात मला सांगितलं होतं, जातं फक्त दोन वर्षं माजघरात राहील."

यावर युक्तिवाद नव्हता. ते जातं सांगलीच्या घरात अजून आहे आणि त्याच्यावर टेलिफोन ठेवलेला आहे.

मद्रासला मात्र असली माणसं नवी नाहीत. १९०९च्या जुलैत ब्लेरिओ नावाच्या वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि इकडे माउंट रोडवरच्या एका हॉटेलवाल्याची झोप उडाली. जाकोमो द'आंजेलिस हा मूळचा मिठाईवाला आणि मेजवान्यांची कंत्राटं घेणारा. गव्हर्नरांच्या पंगतीपर्यंत त्याची पोच होती. माउंट रोडवरच्या त्याच्या हॉटेलात विजेची लिफ्ट होती, बर्फाचं यंत्र होतं. एवढ्यावर सुखी माणूस थांबला असता. त्याने स्वतःच आराखडा काढला आणि सिंप्सन कंपनीकडून विमान बांधून घेतलं. सिंप्सन म्हणजे घोडागाड्यांचे आणि मोटारींचे साटे बनवणारे कारागीर. कालपर्यंत बग्गीची उशी कुठल्या रंगाची हवी हे विचारणाऱ्या त्या मिस्त्र्यांच्या पुढ्यात कुणीतरी पंखांचं चित्र ठेवलं, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. गिऱ्हाईक जुनं, पैसे रोख. ते बहुधा एवढंच म्हणाले असतील की बघू या. १९१०च्या मार्चमध्ये पल्लावरमला त्याची चाचणी झाली आणि मग आयलंड ग्राउंडवर तिकीट लावून लोकांसमोर उड्डाण झालं. प्रेक्षकांतल्या एका मुलालाही त्याने वर नेऊन आणलं, असं सांगतात. भारतातल्या विमानांचा इतिहास सांगताना पुस्तकं अलाहाबादपासून सुरुवात करतात. तिथे १८ फेब्रुवारी १९११ला आंरी पेके याने साडेसहा हजार पत्रं विमानातून नदीपार नैनीला नेली. टपालखात्याने शिक्के मारले असल्यामुळे तिकडचा पुरावा भक्कम. मिठाईवाल्याचं उड्डाण बिनशिक्क्याचं, म्हणून ते मद्रासच्या जुन्या आठवणी सांगणाऱ्यांच्या ताब्यात राहिलं. त्या मुलाचं पुढे काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही. त्या संध्याकाळी त्याने घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल, आणि तिने त्याला आधी जेवायला वाढलं असेल की आधी कानाखाली ठेवून दिली असेल?

पल्लावरम आमच्यापासून फार लांब नाही. तोरैपाक्कमच्या रेडियल रोडने यायचं आणि ओएमआरवर उजवीकडे वळायचं. ब्लेरिओला खाडी ओलांडायला सदतीस मिनिटं लागली होती. संध्याकाळी सहा वाजता पल्लावरमहून शोळिंगनल्लूरला निघालेल्या माणसाने हा आकडा मनात आणू नये, जिवाला त्रास होतो. मेट्रोचे खांब उभे राहतायत तोवर तर नाहीच.

मराठी माणसांत विमानाचा विषय काढला की पाच मिनिटांत शिवकर बापूजी तळपदे येतात. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, वगैरे. सांगलीचे आमचे एक नातेवाईक तर ते स्वतः वाळूत उभे असल्यासारखं सांगतात. त्या उड्डाणाला भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा दाखला देतात त्यातली यंत्रं उडण्याजोगी नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासून सांगितलं आहे. हे मी पंगतीत बोलून पाहिलं. आमटी वाढणारा माझ्या पानाला वळसा घालून पुढे गेला.

घराचा आणि विमानाचा खरा संसार पाहायचा तर कांदिवलीला, चारकोपला जायला हवं. कॅप्टन अमोल यादव अमेरिकेत विमान चालवायला शिकून आलेला, पुढे जेट एअरवेजमध्ये वैमानिक. परतल्यावर त्याने स्वतःचं विमान बांधायला घेतलं. आधीचे दोन प्रयत्न मार्गी लागले नाहीत. तिसऱ्याचं नाव टीएसी-००३. हे काही खोक्यांतून आलेलं किट नव्हतं, आराखड्यापासून सगळं घरचंच. आणि कुठे, तर राहत्या इमारतीच्या गच्चीवर. पाच मजले, एकत्र कुटुंब, घरात एकोणीस माणसं आणि डोक्यावर सहा जणांचं विमान. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं सामान आणि १८० किलोंचं परदेशी इंजिन, हे सगळं अरुंद जिन्याने वर गेलं. द'आंजेलिसकडे लिफ्ट होती आणि विमान जमिनीवर बांधलं गेलं. यादवांकडे विमान गच्चीवर आणि लिफ्ट नाही. देव देताना असा हिशेब का करतो, कुणास ठाऊक. मित्र विचारायचे, अरे पण हे खाली कसं आणणार? तो सांगायचा, माहीत नाही.

मला या "माहीत नाही"चं भारी कौतुक वाटतं. हे उत्तर मित्रांना देणं सोपं आहे. पण घरात एकोणीस माणसं असताना, रोज पाच मजल्यांखाली त्यांच्याबरोबर जेवायला बसायचं आणि माहीत नाही म्हणायचं, याला दोन्ही बाजूंनी धीर लागतो. त्या घरातल्या बायकांचा मी विचार करते. गच्ची ही मुंबईच्या इमारतीतली किती मोलाची जागा. उन्हाळ्यात तिथे वाळवणं पडायची, कोजागरीला दूध आटायचं, पोरं अभ्यासाला म्हणून जायची आणि पतंग उडवून यायची. ती वर्षानुवर्षं एका अर्ध्यामुर्ध्या पांढऱ्या धडाने अडवली. कांदिवलीचा पाऊस चार महिने वरच्या ताडपत्रीवर वाजत राहिला असेल. लेथचा आवाज भिंतींतून उतरत खालच्या मजल्यांवरच्या दुपारच्या झोपेपर्यंत पोचला असेल. घरात पाहुणे आले की कुणीतरी त्यांना सहज सांगत असेल, वर आहे तो, येईल इतक्यात. विमान बांधणाऱ्याच्या चिकाटीबद्दल पुष्कळ लिहून आलं. वाळवणं दुसरीकडे नेणाऱ्यांची चिकाटी बातमीत येत नाही.

२०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं, तेव्हा 'खाली कसं आणणार' या प्रश्नाचं उत्तर मिळालं. विमान सुटं केलं, क्रेन आली, आणि जे पाच मजले जिन्याने चढलं होतं ते दोराने हवेतून खाली उतरलं. म्हणजे या विमानाचा पहिला हवाई प्रवास उभा झाला, वरून खाली, इंजिन बंद ठेवून. जमिनीवर आल्यावर दुसरा जिना लागला, कागदांचा. गच्चीवर विमान बांधणाऱ्या माणसासाठी नियमांत दार कुठे आहे हे शोधण्यात आणखी दिवस गेले. २०१७च्या नोव्हेंबरात नोंदणी झाली आणि अक्षरं मिळाली व्हीटी-एनएमडी. ती पंतप्रधान आणि तेव्हाचे मुख्यमंत्री यांच्या नावांवरून, असं यादवांनीच सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये राहणारा केरळचा अशोक तामरक्षन, त्याने टाळेबंदीत दक्षिण आफ्रिकेहून स्लिंगचं किट मागवून चार जणांचं विमान बांधलं, तर त्याच्या नोंदणीच्या अक्षरांत धाकट्या मुलीचं नाव आहे. विमानाला कुणाचं नाव पडतं यावरून त्याची वाट कुणी अडवली होती आणि कुणी मोकळी केली, हे साधारण कळतं. चारकोपचं विमान २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं.

आमच्या इमारतीलाही गच्ची आहे. तिची मालकी असोसिएशनची, पण उन्हाळ्यात ताबा सासूबाईंचा आणि सहाव्या मजल्यावरच्या मामींचा. या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. सासूबाई कुरडया घालतात, मामी वडाम घालतात. उन्हात बसून दोघी एकमेकींच्या चिकाकडे बघतात आणि माना हलवतात. त्या माना हलवण्यात साबुदाण्याचं प्रमाण, उन्हाचा अंदाज आणि मुलाच्या वेडाबद्दलची सहानुभूती सगळं असतं.

कारण मुलगा तिथेच असतो. नवरा सुट्टी टाकून बारामतीला जातो आणि तिथे उडायला शिकतो. खासगी वैमानिकाच्या परवान्याला निदान ४० तासांचं उड्डाण लागतं. नोकरी करून, चेन्नईहून बारामतीला जाऊन, वारा बरा असेल त्या दिवशी ते तास थेंबाथेंबाने साठतात. मधल्या काळात हात विसरू नये म्हणून जमिनीवर चालून धावपट्टीभोवतीची चक्कर, म्हणजे सर्किट, पाठ करायची असते. त्याचा सर्किट आमच्या गच्चीवर आखलेला आहे. पूर्वेच्या कठड्यावरून टेकऑफ, लिफ्टच्या खोलीपाशी डावीकडे वळायचं, पाण्याच्या टाक्यांच्या बाजूने डाउनविंड, तिथे उजव्या हाताने हवेतली बटणं तपासायची, डिश अँटेनापाशी पुन्हा डावीकडे, मग बेस, मग फायनल, आणि कुरडयांच्या अलीकडे उतरायचं. तोंडाने रेडिओवरचं इंग्रजी चालू असतं. सासूबाईंनी हे पुष्कळ दिवस मुकाट्याने पाहिलं. त्यांना वाटलं, मुलाने काही नवस बोललाय. शेवटी राहवलं नाही.

"अरे, प्रदक्षिणा उलटी घालतोयस."

तेव्हा त्याने त्यांना समजावलं की विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, त्याला डावीकडचं नीट दिसतं, म्हणून जगात बहुतेक ठिकाणी फेरा डाव्या हाताने घालतात. देव उजव्या हाताला ठेवायचा आणि धावपट्टी डाव्या. सासूबाईंनी हे मामींना खुणांनी सांगितलं. मामींनी दोन्ही हात जोडले. नेमके कुणाला, ते कळलं नाही.

तो बारामतीहून आला की आम्ही जेवताना त्याला उतरायला सांगतो. उतरणं सगळ्यांत अवघड. जमीन जवळ येते तेव्हा जमिनीकडे बघायचं नाही, लांब धावपट्टीच्या टोकाकडे बघायचं. अगदी खाली आलं की इंजिन मंद करायचं आणि विमानाला टेकू द्यायचं नाही. नाक हळूहळू वर घेत त्याला हवेतच धरून ठेवायचं. मग वेग संपतो आणि ते आपोआप बसतं. घाईने ठेवायला गेलं की उसळतं.

"तान्ह्या पोराचं तेच असतं," सासूबाई म्हणाल्या. "पाळण्यात ठेवायची घाई केली की जागं होतं."

तो काही क्षण घास हातात धरून बसला. नंतर मला म्हणाला, की शिकवणाऱ्यांनी इतके दिवस सांगून जे कळलं नव्हतं ते हे होतं. आमच्यापासून जवळच, तांबरमला, हवाई दलाची एक शाळा आहे जिथे विमान शिकवणाऱ्यांना शिकवायला शिकवतात. सासूबाईंना तिथे एक तास द्यायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

उडायला शिकणारा आणि विमान बांधणारा एकच माणूस असला की त्याच्यात एक गमतीची चुरस लागते. तास विमानाला दिले तर हात बोथट होतात आणि हातांना दिले तर विमान तसंच राहतं. पैशाचंही तेच. या पंथातली जुनी माणसं नवख्याला आधीच विचारतात, तुला उडायचंय की बांधायचंय? उडायचं असेल तर जुनं तयार विमान घे आणि मोकळा हो. कितीतरी जण दहा वर्षं बांधतात, आणि पहिल्या उड्डाणाच्या दिवशी स्वतः खाली उभे राहून दुसऱ्या, सरावातल्या वैमानिकाला वर पाठवतात. त्या बांधणाऱ्याला त्या दिवशी काय वाटत असेल, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मुलीच्या लग्नात बापाला वाटतं तसंच, फक्त विमान संध्याकाळी परत येतं.

सध्या आमच्या घरात विमान म्हणून दाखवण्यासारखी एकच वस्तू आहे. समुद्र इतक्या जवळ असताना पत्र्याचं काय होईल, ही त्याची मोठी चिंता. इथल्या हवेत मीठ आहे. खिडक्यांच्या बिजागऱ्या वर्षभरात तांबूस होतात, शिवणयंत्राची सुई गंजते. म्हणून त्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा वहीच्या पानाएवढा तुकडा आणला, अर्ध्यावर प्रायमर लावला, अर्धा उघडा ठेवला आणि सुतळीने गॅलरीत टांगला. उघड्या भागावर बारीक पांढरट ठिपके उठले आहेत, भिंतीवर पोपडा येण्याआधी उठतात तसे, आणि प्रायमरची बाजू अजून हिरवट गुळगुळीत आहे. वाऱ्यावर तो फिरतो, सकाळच्या उन्हात त्याची तिरीप हॉलभर हिंडते. त्यामुळे कबुतरं यायची बंद झाली. मी झाडताना तो तुकडा जरा जपून बाजूला धरते. नवऱ्याच्या हे लक्षात आलेलं आहे. तो काही बोलत नाही.

परवा जेवणं झाल्यावर त्याने चारकोपच्या विमानाची बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी आधी तो सार्वत्रिक प्रश्न विचारला. क्रेनने आणलं म्हटल्यावर क्रेनचं भाडं विचारलं. ते बातमीत नव्हतं. मग विचारलं, घरात माणसं किती?

"एकोणीस."

"आणि आत बसतात किती?"

"सहा. त्यातला एक तो स्वतः, चालवायला."

सासूबाई गप्प झाल्या. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायला लागला. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या त्या अशाच मोजतात.

"म्हणजे उरले अठरा. एका खेपेला पाच. तीन खेपांत पंधरा झाले, चौथ्या खेपेला तीन." अंगठा थांबला. "चौथीत दोन जागा रिकाम्या जातात."

"आई, ते काही असं..." नवरा म्हणाला.

"तू विचारून तर बघ. मी आणि ही. आम्ही मागे बसू."

"आणि मी?"

"तू शिकतोयस ना अजून," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला उठल्या.